एक वाद्यवृंद, एकच सिम्फनी, शंभर वर्षं : खानदेशात बसून बर्लिन फिलहार्मोनिक कसं ऐकावं

आमच्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटलं की गणपतीचा मांडव, झगमगीत कोट घातलेला निवेदक आणि पोलिसांची गाडी येईपर्यंत चालणारी सिनेमाची गाणी. त्यामुळे मी सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऐकतो असं सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "गातं कोण?" बहुतेक वेळा कुणीच नाही. शंभरेक माणसं वाजवतात, एक माणूस, म्हणजे कंडक्टर, त्यांच्यासमोर उभा राहून हात हलवतो आणि त्याच्या स्वतःच्या हातून एकही स्वर निघत नाही. हे ऐकून समोरचा विषय बदलतो.

ज्यांना विषय बदलायचा नाही, त्यांच्यासाठी हा लेख. मी सुरुवात चुकीची केली होती. 'निवडक बीथोव्हेन', 'झोपेसाठी मोझार्ट' असले तुकडे दोन वर्षं ऐकले आणि खरंच झोपलो. मग लक्षात आलं की आपण घराणं असं शिकत नाही. एकच राग तीन पिढ्यांच्या गळ्यातून ऐकतो, तेव्हा कुठे गुरूचं काय आणि शिष्याचं काय ते कळतं. इथेही तेच करायचं. वाद्यवृंद एक, रचना एक, कंडक्टर आणि साल मात्र बदलत जायचं. दीड-दोन महिने पुरतात.

वाद्यवृंद मी बर्लिन फिलहार्मोनिक निवडला. या वृंदाची ध्वनिमुद्रणं भोंग्यासमोर वाजवण्याच्या काळापासून आजपर्यंत सलग सापडतात, हे एक कारण. दुसरं कारण त्याच्या जन्माची गोष्ट, जी भुसावळच्या माणसाला लगेच पटते.

बर्लिनमध्ये बेंजामिन बिल्से नावाचा एक बँडमालक होता. लोक टेबलांवर खात-पीत बसायचे आणि समोर त्याचा वृंद वाजवायचा. 1882 मध्ये वॉर्सोचा दौरा ठरला. मालकाने वादकांची तिकिटं काढली रेल्वेच्या चौथ्या वर्गाची. आधीच पगारावरून धुसफूस होती, त्यात हे. 54 वादक उठले आणि त्यांनी स्वतःचा वृंद काढला. आमच्या गल्लीत लग्नाच्या बँडात चाळीस वर्षं क्लॅरोनेट वाजवलेले एक मामा आहेत. त्यांना ही गोष्ट सांगितली तर ते म्हणाले, "हाई तं आपला बँडच शे ना भो!" टेम्पोच्या मागच्या फाळक्यात बसून वरातीला गेलेल्या माणसाचं हे मत आहे.

त्या बंडाचा परिणाम अजून टिकून आहे. या वृंदाचा मुख्य कंडक्टर वादकच मतदान करून निवडतात. मे 2015 मध्ये नवा कंडक्टर निवडायला सगळे एका चर्चमध्ये अकरा तास बसले आणि काहीही न ठरवता बाहेर पडले. जूनमध्ये किरील पेट्रेन्कोचं नाव निघालं, तो रुजू झाला 2019 ला. त्या चर्चचं नाव लक्षात ठेवा, येशू ख्रिस्त चर्च, बर्लिनचं डालेम उपनगर. पुढे ते पुन्हा येणार आहे.

पहिली पायरी : रचना ओळखीची करून घ्या

रचना बीथोव्हेनची पाचवी सिम्फनी. (सिम्फनी म्हणजे अख्ख्या वृंदासाठी लिहिलेली, भागांत विभागलेली मोठी रचना.) फार वाजलेली म्हणून नाक मुरडणारे भेटतील, त्यांना मुरडू द्या. वृंदाच्या जवळपास प्रत्येक मोठ्या कंडक्टरने ती केली आहे, म्हणून ती मोजपट्टी म्हणून चालते. शिवाय सगळी मिळून अर्ध्या तासाच्या आसपास. तिचं पहिलं सादरीकरण 22 डिसेंबर 1808 ला व्हिएन्नात झालं, चार तास लांबलेल्या कार्यक्रमात, थंडगार नाट्यगृहात.

चार भाग आहेत. पहिल्याची सुरुवात सगळ्या जगाला ठाऊक असलेल्या चार स्वरांनी होते, तीन छोटे आणि एक लांब. तबला शिकलेल्यांसाठी एक गंमत सांगतो. कागदावर पाहिलं तर त्या तीन छोट्या स्वरांच्या आधी अर्धी मात्रा रिकामी आहे. समेवर शांतता, मग घाव. कंडक्टरला ती न वाजणारी अर्धी मात्रा हाताने दाखवावी लागते, आणि तिथेच नवखा घसरतो. याच भागात पुढे सगळा वृंद अचानक थांबतो आणि एकटी ओबो (आपल्या शहनाईची लांबची चुलत बहीण) एक छोटी आलापी घेते. ती जागा हेरून ठेवा.

दुसरा भाग संथ. तिसऱ्याच्या आरंभी चेलो आणि डबल बास, म्हणजे खर्जातली मोठी तंतुवाद्यं, अंधारात चाचपडल्यासारखे वर येतात. त्या भागाच्या शेवटी या सिम्फनीतली माझ्या मते सर्वांत मोठी जागा आहे. तंतुवाद्यं एक लांब, दबका स्वर धरून बसतात आणि खाली टिंपनी, म्हणजे ते मोठे नगारे, फक्त ठोके देत राहतात. हळूहळू दाब वाढतो आणि मधे श्वासही न घेता चौथा भाग फुटतो. तिथे ट्रोम्बोन (नळी मागेपुढे सरकवून वाजवायचं पितळी वाद्य), पिकोलो (छोटी बासरी) आणि कॉन्ट्राबसून (खर्जातलं फुंकवाद्य) पहिल्यांदा वाजतात. म्हणजे ट्रोम्बोनवाले तोवर वीसेक मिनिटं मांडीवर वाद्य ठेवून गप्प बसलेले असतात. मामांनी व्हिडिओत त्यांना पाहिलं आणि विचारलं, "पैसा पुरा भेटतस का?" भेटतो.

या चार जागा, सुरुवात, ओबो, टिंपनी आणि ट्रोम्बोनची एंट्री, नीट ओळखता येईपर्यंत दुसऱ्या पायरीवर जाऊ नका. तीन-चार वेळा ऐकलं की जमतं.

दुसरी पायरी : कुलर बंद करा

हा विनोद नाही. मे महिन्यात जळगावात पारा 44-45 ला टेकतो तेव्हा खोलीत कुलर घरघरत असतो, आणि टिंपनीची ती जागा इतकी हळू आहे की कुलरपुढे ती नाहीच. पहिल्या वर्षी मला वाटायचं की तिसऱ्या भागानंतर दोनेक मिनिटं रेकॉर्डिंग खराब आहे. मग आवाज वाढवायचा, आणि चौथा भाग अंगावर कोसळायचा.

त्यामुळे पहाटे पाच-साडेपाचची वेळ धरा. हवा थोडी गार असते, नळाची मोटर अजून सुरू झालेली नसते आणि लग्नसराईचा डीजे झोपलेला असतो. छोटा ब्लूटूथ स्पीकर टाळा. त्यात डबल बास ऐकू येत नाहीत आणि डावी-उजवी बाजू एकच होऊन जाते. साधे तारेचे इअरफोन त्यापेक्षा बरे, कान झाकणारे हेडफोन असतील तर उत्तम.

फोनमध्ये तीन गोष्टी बघा. ॲपच्या सेटिंगमध्ये सगळ्या गाण्यांचा आवाज सारखा करणारा पर्याय असतो, तो बंद करा. हळू आणि मोठा यांतला फरक हाच इथे अर्धा मजकूर आहे. एक गाणं दुसऱ्यात मिसळवणारा क्रॉसफेडही बंद करा. आणि दोन ट्रॅकमध्ये खंड न पडता वाजवण्याचा पर्याय चालू करा, नाहीतर तिसऱ्यातून चौथ्यात जाताना मधेच खड्डा पडतो. फुकटच्या व्हिडिओवर ऐकत असाल तर जाहिरात नेमकी कुठे येईल ते देवाला ठाऊक. एकदा टिंपनीच्या सातव्या-आठव्या ठोक्याला मला बियाण्याची जाहिरात ऐकावी लागली आहे.

तिसरी पायरी : माल ओळखा

बामणोदची वांगी म्हणून भरताला कुठलीही वांगी गळ्यात मारणारे बाजारात असतात. इथेही तसंच आहे. बर्लिन फिलहार्मोनिक आणि बर्लिन सिम्फनी हे एक नव्हेत. बर्लिन रेडिओचे वृंद आणखी वेगळे. जर्मन कव्हरवर 'बर्लिनर फिलहार्मोनिकर' किंवा जुन्या कव्हरवर 'बर्लिनर फिलहार्मोनिशेस ऑर्केस्टर' दिसलं तर मात्र माल तोच.

शोधताना इंग्रजी अक्षरांत रचनेचं नाव, कंडक्टरचं आडनाव आणि वर्ष, तिन्ही टाका. वर्ष फार महत्त्वाचं, कारण एकाच कंडक्टरने हीच रचना पाच-पाच वेळा मुद्रित केली आहे. पण कव्हरवरचं वर्ष बहुधा पुनर्मुद्रणाचं असतं. मुद्रण कधी आणि कुठे झालं ते शोधा. सभागृहाचं नाव, मैफलीत की स्टुडिओत, मोनो की स्टिरिओ, एवढं कळलं की अर्धी ओळख झाली. भारतीय कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यानंतरच्या वर्षापासून 60 वर्षं राहतो. त्यामुळे खाली दिलेली 1913 आणि 1937 ची ध्वनिमुद्रणं उतरवून ठेवायला मनात शंका आणू नका.

चौथी पायरी : ऐकण्याचा क्रम

सालाप्रमाणे सुरुवात करू नका. मी 1913 पासून सुरू केलं आणि खरखरीने हैराण झालो. आधी मधे उडी घ्या.

पहिला आठवडा, हर्बर्ट फॉन कारायान, 1962. हे मुद्रण झालं डालेमच्या त्याच चर्चमध्ये. युद्धात वृंदाचं सभागृह गेलं होतं, नवं अजून बांधून व्हायचं होतं, आणि या चर्चमध्ये आवाज सुंदर घुमायचा. बीथोव्हेनच्या नऊही सिम्फनींचा संच डॉयचे ग्रामोफोनने 1963 मध्ये पिवळ्या पट्टीच्या कव्हरात बाजारात आणला. स्टिरिओ आहे, स्वच्छ आहे, सगळी मिळून साधारण 31 मिनिटं. तंतुवाद्यं एका माणसाने वाजवल्यासारखी एकसंध आहेत, कुठेही टोक बाहेर नाही. ही तुमची मोजपट्टी. कारायानने पुढे 1977 ला आणि 1982 ला डिजिटल यंत्रावर पुन्हा पाचवी केली, पण आत्ता तिकडे वळू नका.

दुसरा आठवडा, थेट मागे. आर्थर निकिश, नोव्हेंबर 1913. तेव्हा मायक्रोफोन नव्हता, तो 1925 च्या सुमाराला आला. वादक एका भोंग्यासमोर दाटीवाटीने बसायचे आणि आवाजाच्या धक्क्याने सुई मेणात रेघ ओढायची. डबल बासचा खर्ज मेणावर उमटत नसे, म्हणून त्या काळात पुष्कळदा त्यांच्या जागी ट्युबा लावत. तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम चार-साडेचार मिनिटं मावायची, त्यामुळे ही सिम्फनी चार तबकड्यांच्या आठ बाजूंवर कापून ठेवली आहे. एवढ्या मोठ्या वृंदाने अख्खी सिम्फनी मुद्रित करणं तेव्हा धाडसाचं होतं.

खरखरीच्या आत कसं शिरायचं? पहिली पाच मिनिटं फक्त खरखर ऐका. कान कंटाळतो आणि तिला बाजूला सारतो, जशी शेतात पंपाची धडधड थोड्या वेळाने ऐकू येईनाशी होते. मग सुरुवातीचे चार स्वर पुन्हा लावा. शेवटचा लांब स्वर निकिश किती धरून ठेवतो ते पाहा, आणि गती कशी मधेच सैल पडते, मधेच आवळते. कारायानच्या सरळ रस्त्यानंतर ही सातपुड्यातली पायवाट वाटेल. मामांना हे सगळ्यांत आवडलं. म्हणाले, पिपाणी आणि कर्णा समोर, बाकीचे मागे, आमच्या जुन्या कॅसेटीत पण असंच ऐकू येतं.

तिसरा आणि चौथा आठवडा विल्हेल्म फुर्टव्हेंगलरसाठी. इथे थोडं थांबावं लागेल, कारण इथे संगीताच्या बरोबरीने इतिहासही वाजतो.

निकिशनंतर 1922 मध्ये फुर्टव्हेंगलर आला. 1933 ला हिटलर सत्तेवर आला, आणि कंगाल झालेला हा वादकांच्या मालकीचा वृंद लवकरच गोबेल्सच्या प्रचार खात्याच्या पगारावर गेला. वृंदातल्या ज्यू वादकांना जावं लागलं, त्यांत पहिला व्हायोलिनवादक शिमोन गोल्डबर्ग होता. उरलेल्यांना सैन्यभरतीतून सूट मिळाली. फुर्टव्हेंगलर नाझी पक्षाचा सभासद कधीच झाला नाही, पण देश सोडूनही गेला नाही, आणि त्यावरची भांडणं आजही मिटलेली नाहीत. कारायानने 1933 मध्येच पक्षाचं सभासदत्व घेतलं होतं. हे माहीत असूनही 1962 चं मुद्रण मला आवडतं, आणि ते आवडतं याची मला थोडी अडचणही वाटते.

ऐकायचं काय? आधी 1937 चं, कुत्रा छाप एचएमव्हीसाठी केलेलं. मायक्रोफोन आलेला आहे, पण तबकड्यांच्या बाजूंचे सांधे अजून कानाला लागतात. नंतर जून 1943 चं, मैफलीतलं. जर्मनांकडे तेव्हा चुंबकीय फीत आली होती, त्यामुळे अख्खा भाग न तोडता मुद्रित करता यायचा. टिंपनीपासून ट्रोम्बोनपर्यंतची उडी तिथे पहिल्यांदा अखंड ऐकू येते. त्या काळातल्या पुष्कळ फिती युद्धानंतर रशियन सैन्य मॉस्कोला घेऊन गेलं आणि त्या परत यायला चाळीस वर्षांहून जास्त काळ लागला. जानेवारी 1944 च्या बाँबहल्ल्यात वृंदाचं जुनं सभागृह उद्ध्वस्त झालं. मूळचं ते स्केटिंगचं मैदान होतं.

आणि मग मे 1947. नाझी राजवटीशी असलेल्या संबंधांची चौकशी संपवून फुर्टव्हेंगलर आपल्या वृंदासमोर परत उभा राहतो, टिटानिया पालास्ट नावाच्या सिनेमा थिएटरात, कारण धड उभी राहिलेली जागाच थोडी होती. कार्यक्रम सगळा बीथोव्हेनचा, शेवटी पाचवी. एकच मुद्रण ऐकायला वेळ असेल तर हे ऐका. वादक काही ठिकाणी एकत्र पडत नाहीत, कडा फाटतात. चौथा भाग सुरू होतो तेव्हा कारायानच्या मुद्रणात दार उघडल्यासारखं वाटतं, इथे दार तुटून पडतं.

मधल्या 1945 ते 1947 च्या खिंडीत एक माणूस विसरला जातो. लिओ बोर्खार्ड. युद्ध संपून तीन आठवडेही झाले नव्हते तेव्हा, 26 मे 1945 ला, त्याने याच थिएटरात वृंदाची पहिली मैफल केली आणि सुरुवात मेंडेल्सोनने केली, ज्याचं संगीत नाझींनी बंद पाडलं होतं. ऑगस्टमध्ये एका नाक्यावर अमेरिकन पहारेकऱ्याच्या गोळीने तो चुकून मेला. त्याच्या जागी आला तरुण सर्ज्यू चेलिबिडाके, ज्याला ध्वनिमुद्रण ही गोष्टच मान्य नव्हती. त्यामुळे या वर्षांत वृंदाचा आवाज शोधायला गेलात तर हाताला फार थोडं लागतं.

पाचवा आठवडा, क्लाउडिओ आबाडो, साधारण 2000 सालचं मुद्रण. कारायान 1989 मध्ये गेला आणि वादकांनी आबाडोला निवडून दिलं. याच्या हातात नव्याने संपादित केलेली, जुन्या चुका दुरुस्त केलेली स्वरलिपी होती, आणि तंतुवाद्यं त्याने कमी केली. तोच वृंद, पण अंगावरचा कोट उतरवून सदऱ्यावर आल्यासारखा. कारायानच्या वेळी न दिसलेली फुंकवाद्यं इथे समोर येतात.

सहावा आठवडा, सायमन रॅटल, ऑक्टोबर 2015 च्या मैफली. हे वृंदाने स्वतःच्याच लेबलवर काढलं आहे. चौथ्या वर्गाच्या तिकिटावरून सुरू झालेलं भांडण इथे संपलं असं मला वाटतं, दुकानही वादकांचंच झालं.

कुणीतरी सांगेल की पाचवी ऐकायची तर कार्लोस क्लायबरची ऐका. खरं आहे, थोर आहे. पण तो 1974 चा व्हिएन्ना फिलहार्मोनिक आहे, दुसरं घराणं. सहा आठवडे संपले की बक्षीस म्हणून लावा.

पाचवी पायरी : वही

शाळेची दोनशे पानी पुरे. प्रत्येक मुद्रणाला एक पान. वर कंडक्टर, साल, जागा. खाली चार ओळखीच्या जागांबद्दल एकेक ओळ, आपल्या भाषेत. 'ओबो रडते', 'टिंपनी लांबून येणाऱ्या मालगाडीसारखी' असं काहीही चालेल. विशेषणांपेक्षा तुलना लिहा, सहा महिन्यांनी वाचताना तीच कळते.

दोन बारीक गोष्टी मुद्दाम तपासा. पहिल्या भागाचा सुरुवातीचा मोठा तुकडा बीथोव्हेनने दोनदा वाजवायला सांगितला आहे. कोण दोनदा वाजवतो, कोण पुढे निघून जातो? आणि दुसरं, त्या तुकड्यात नवी चाल सुरू होण्याआधी हॉर्न या पितळी वाद्याची एक ललकारी येते. भागाच्या उत्तरार्धात तीच ललकारी कागदावर 'बसून' नावाच्या लाकडी फुंकवाद्यासाठी लिहिलेली आहे, पण हॉर्नचा भरदार आवाज हवा म्हणून अनेक कंडक्टर ती तिथेही हॉर्नलाच देत आले आहेत. कुणी काय केलं ते मी सांगत नाही, तुमच्या कानाने वहीत भरा. बसूनचा आवाज कोरडा, किंचित विनोदी असतो. दोन-तीनदा चुकेल.

मग प्रत्यक्ष

वृंद 2009 पासून आपल्या मैफली इंटरनेटवर दाखवतो, पैसे भरून. सभागृह पाहण्यासारखं आहे. हान्स शारौनने आखलेली 1963 ची इमारत, मधे मंच आणि चारही बाजूंनी उतारावर श्रोते. बर्लिनला रात्री आठला सुरू होणारी मैफल आपल्याकडे उन्हाळ्यात साडेअकराला आणि हिवाळ्यात साडेबाराला लागते. हिवाळ्यात थेट बघण्याचा अट्टहास करू नका, मुद्रित झालेली नंतर दिसते. व्हिडिओत टिंपनी वाजवणाऱ्याचे हात बघा, आवाजाआधी.

पण यंत्रातून कितीही ऐकलं तरी डबल बासचा खर्ज बसलेल्या खुर्चीतून वर येतो हे कळायला प्रत्यक्षच जावं लागतं, आणि त्यासाठी बर्लिनची गरज नाही. मुंबईला नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, 2006 पासून. त्यांचे हंगाम साधारण फेब्रुवारी आणि सप्टेंबरात असतात. बर्लिनच्या या वृंदासमोर 1961 पासून उभे राहत आलेले झुबीन मेहता याच शहरात जन्मले, आणि त्यांचे वडील मेहली मेहता यांनी 1935 मध्ये इथे बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. भुसावळ-जळगावाहून रात्रीच्या गाडीचं परतीचं आरक्षण आधी करा, तिकीट मागाहून. पुढच्या रांगा महाग असतात आणि तिथून फक्त व्हायोलिनवाल्यांचे बूट दिसतात. वरची स्वस्त जागा घ्या, सगळा वृंद नकाशासारखा दिसतो.

मी मामांना घेऊन गेलो होतो. जाताना एकच सूचना दिली होती : भाग संपला की टाळी नाही, हात मांडीखाली दाबून ठेवायचे. पाचवी असेल तर तिसऱ्या भागानंतर ही काळजीच नको. टाळी वाजवायला तिथे बीथोव्हेनने जागाच ठेवलेली नाही.